लाइफ कोच की थेरपिस्ट? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी कोकणातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती आहेत. लाइफ कोचिंग आणि थेरपी, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलण्यातून होणारे उपचार, यांत फरक कोणता, आणि आपल्या माणसाला कोणाकडे न्यावे, असे वाचक विचारत आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे धाकटे दीर ३४ वर्षांचे आहेत. मुंबईतील नोकरी गेल्यावर ते गावी परतले आणि आता आमच्या आंबा-काजूच्या बागेत मदत करतात. गेले चार महिने ते पहाटे तीन-साडेतीनलाच जागे होतात. जेवण निम्म्यावर आले आहे, पुतण्यांशी खेळणे बंद झाले आहे आणि काम दुपारनंतर कसेबसे सुरू होते. त्यांनी एका ऑनलाइन लाइफ कोचचे सहा महिन्यांचे पॅकेज घेतले. पहाटे पाचला उठणे, ध्येयवही लिहिणे, आरशासमोर उभे राहून सकारात्मक वाक्ये म्हणणे असा दिनक्रम त्यांना दिला गेला. तीन आठवड्यांत तो मोडला. आता ते म्हणतात, "एवढे सांगूनही जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे." दुसरा चांगला कोच शोधावा की थेरपीसाठी न्यावे? (एक भगिनी, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, दुसरा कोच शोधू नका. आपल्या दिरांना आधी वैद्यकीय तपासणीची गरज आहे आणि ती याच आठवड्यात व्हावी असे मला वाटते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि तसे मी करणारही नाही. परंतु आपण जे लिहिले आहे, त्यावरून नैराश्याच्या आजाराची तपासणी होणे आवश्यक आहे. उदास मन किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी निदान एक गोष्ट, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार अशा लक्षणांपैकी काही लक्षणे सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली, तर तज्ज्ञ या आजाराचा विचार करतात. आपल्या घरात चार महिने झाले आहेत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. थेरपी भूतकाळ उकरते आणि कोचिंग भविष्याकडे पाहते, असे उत्तर जाहिरातींतून आणि माहितीपत्रकांतून सर्रास दिले जाते. ते उत्तर मला मान्य नाही, कारण त्याने रुग्णाची दिशाभूल होते. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धती, जिला सर्वत्र सीबीटी म्हणतात, ती मुख्यतः आज मनात येणारे विचार आणि पुढच्या आठवड्यात करायच्या कृती यांवरच काम करते. बालपणाचा विषय तिच्यात लागेल तेवढाच येतो. उलट चांगला कोचही 'यापूर्वी अशी अडचण आली तेव्हा आपण काय केले होते?' असे विचारतोच.

खरा फरक गृहीत काय धरले जाते आणि जबाबदारी कोणाची, यात आहे. समोरच्या माणसाची झोप, भूक, लक्ष, उमेद ही मूळची शक्ती जाग्यावर आहे आणि फक्त दिशा, सवय किंवा पाठपुरावा कमी पडतो आहे, असे धरून कोचिंग सुरू होते. थेरपिस्ट तसे काहीच धरून चालत नाही. ही शक्ती शाबूत आहे का, नसेल तर कशामुळे गेली, आणि जिवाला धोका आहे का, हे तो आधी तपासतो. त्या तपासणीचे शिक्षण त्याने घेतलेले असते आणि तिच्यात कसूर झाली तर त्याला जाब विचारता येतो. आपल्या दिरांच्या बाबतीत नेमकी ही पहिली पायरीच वगळली गेली.

पहाटे पाचला उठण्याचेच पाहा. या आजारात अनेकांना नेहमीच्या वेळेपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, आणि सकाळचा प्रहर दिवसातला सर्वांत जड जातो. दुपारनंतर थोडे हलके वाटते. आपण लिहिले आहे की त्यांचे काम दुपारनंतर सुरू होते, त्यामागे बहुधा हेच आहे. म्हणजे ज्या वेळी त्यांच्या अंगात सर्वांत कमी बळ असते, त्याच वेळी त्यांच्याकडून सर्वांत मोठी अपेक्षा ठेवली गेली. उठायला ते तयारच होते. ते तर त्याआधी दीड-दोन तास अंधारात जागे पडलेले होते.

थेरपीतही दिनक्रम देतात, वहीही लिहायला सांगतात. वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसते आणि म्हणूनच फसगत होते. नैराश्यावरच्या उपचारांत वर्तन-सक्रियता नावाचा एक भाग आहे. त्यात थेरपिस्ट रुग्णाच्या दिवसाची नोंद करून घेतो, कोणत्या वेळी मन किती खाली जाते ते पाहतो, आणि मग एखादी अगदी छोटी कृती ठरवतो: दुपारी चार वाजता पुतण्याबरोबर वाडीच्या टोकापर्यंत जाऊन येणे, एवढीच. इच्छा होईल तेव्हा कर, असे तो म्हणत नाही, कारण इच्छा या आजाराने आधीच हिरावलेली असते. आधी कृती, मग हळूहळू इच्छा, असा तो क्रम असतो. ती कृती झाली नाही तर पुढच्या बैठकीत कृती आणखी लहान केली जाते. रुग्णावर दोष येत नाही. कोचिंगच्या दिनक्रमात मात्र ध्येय कायम राहते आणि ते गाठले नाही तर कमतरता माणसाची ठरते. निरोगी माणसाला अशा ओढीचा कधीकधी फायदा होतो. नैराश्यात मात्र अपराधीपणा हे मुळातच एक लक्षण असते आणि मोडलेला प्रत्येक संकल्प त्यात भर घालतो. "खोट माझ्यातच आहे" हे आपल्या दिरांचे वाक्य मला म्हणूनच गंभीर वाटते.

तेव्हा आज करण्याची पहिली गोष्ट ही की, त्यांच्याजवळ शांतपणे बसून सरळ विचारा: "भावोजी, जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे; उलट विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. आपल्याकडे बाग आहे, म्हणजे मांगरात किंवा पडवीत फवारणीची औषधे असणार. ती आजच कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्या. ही खबरदारी त्यांच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दुसरी गोष्ट म्हणजे जवळच्या फिजिशियनकडे रक्ततपासणी. थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असाच थकवा आणि उदासपणा येऊ शकतो, आणि तसे असेल तर उपचाराची दिशाच बदलते. दारूचे प्रमाण वाढले आहे का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधे लिहून देण्याचा निर्णय त्यांचा. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, क्वचित अधिक, लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. मध्येच आपल्या मनाने थांबवू नयेत. जोडीने सीबीटीसारखी थेरपी घेतल्यास तिच्या अनेकदा १२ ते २० बैठकी होतात.

एक गोष्ट मी इथे मुद्दाम लिहितो. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातील अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी एक आहे, आणि त्याच्या फाटकाशी कोणी पाहील या भीतीने जिल्ह्यातली कितीतरी घरे उपचाराचे वर्षच्या वर्ष वाया घालवतात. 'कोचकडे जातो' असे चारचौघांत सांगता येते, 'मनोरुग्णालयात जातो' असे सांगता येत नाही. अनेक माणसे कोचकडे जातात ती याच कारणाने, हे मी रोज पाहतो आणि मला त्याचे फार वाईट वाटते. बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. बहुतेक रुग्ण तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात. तिथे जाणे अगदीच जड वाटत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा खाजगी तज्ज्ञाकडे जावे. तोवर मानसिक त्रासात फोनवरून मदत देणाऱ्या शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते.

कोचचे भरलेले पैसे वाया जातील म्हणून तो कार्यक्रम ओढत नेऊ नका. वैद्यकीय कारणाने तो स्थगित करावा, असे कोचना लेखी कळवा. दीर पूर्ण बरे झाल्यावर, पुढे मुंबई की बाग असा प्रश्न पडला, तर त्या वेळी कोचचा उपयोग होऊही शकेल.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले माझे दुकान बुडाले आणि मी व माझा कामगार रात्रभर माळ्यावर अडकलो. दुकान पुन्हा उभे केले, धंदा चालतो. मात्र पावसाळा लागला की रात्री पुन्हा पुन्हा उठून पाहतो, पावसाचा जोर वाढला की छातीत धडधडते, ओल्या चिखलाचा वास आला की ती रात्र जशीच्या तशी समोर उभी राहते. माळ्यावर मी आजवर पुन्हा चढलेलो नाही. एका व्याख्यानात कोचनी सांगितले की, मागचे सोडा, पुढे बघा. मला ते सुटत नाही. हा माझा दुबळेपणा आहे का? (एक व्यापारी, वय ५२)

उत्तर : नाही. जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर असे होऊ शकते आणि महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवनात अडथळा आणू लागले की त्याला आघातोत्तर ताणविकार, म्हणजेच पीटीएसडी, म्हणतात. आपल्याला तो आहे का, हे तज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासून ठरवायचे आहे. पण आपण लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे वासाबरोबर प्रसंग पुन्हा घडल्यासारखा वाटणे, सतत पहारा दिल्यासारखे जागणे आणि माळा टाळणे, या त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत.

अशा प्रसंगाची आठवण इतर आठवणींसारखी 'होऊन गेले' या रकान्यात जाऊन बसत नाही. वास, आवाज, काळोख असे तिचे तुकडे सुटे राहतात आणि त्यांतला एक जरी समोर आला तरी शरीर धोका आत्ताच आहे असे समजून वागते. ते तुकडे टाळत राहिल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, परंतु 'माळ्यावर गेलो असतो तरी काही झाले नसते' हे शरीराला शिकायची संधीच मिळत नाही, आणि भीती वर्षानुवर्षे ताजी राहते. म्हणून 'मागचे सोडा' हा सल्ला कितीही सद्भावनेने दिला तरी पाळता येत नाही. या विकारावर परिणामकारक ठरलेल्या उपचारांत नेमके उलट करतात. आघातकेंद्रित सीबीटीमध्ये थेरपिस्टच्या सोबतीने, सोसवेल त्या गतीने, ती रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने सांगितली जाते, तिच्याशी चिकटलेले 'मी कामगाराला आधीच घरी पाठवायला हवे होते' यांसारखे विचार तपासले जातात, आणि मग टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने जाणे सुरू होते. प्रसंग आठवताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी ईएमडीआर नावाची आणखी एक उपचारपद्धतीही यासाठी वापरली जाते. हे काम प्रशिक्षणाशिवाय करू नये. एखाद्या उत्साही कोचने भीती घालवण्यासाठी आपल्याला थेट माळ्यावर नेऊन उभे केले, तर अपाय होऊ शकतो.

चिपळूणच्या बाबतीत एक बारकावा थेरपिस्टला आपण स्वतःहून सांगावा. वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत येते, हा भ्रम नाही. त्यामुळे आपली भीती शून्यावर आणणे हे उपचाराचे उद्दिष्ट असू शकत नाही आणि असूही नये. पावसाळ्यापूर्वी किमती माल वर हलवणे, अधिकृत इशारा कोठून मिळतो ते माहीत असणे, कामगारांना कधी सोडायचे ते ठरलेले असणे, एवढी सावधगिरी ठेवून, इशारा नसलेल्या रात्री झोप लागणे, हे उद्दिष्ट योग्य ठरेल. दुकानाची ही पूर्वतयारी आखायला आणि ती दर वर्षी पार पडते की नाही ते पाहायला व्यवसायाचे जाणकार कोच उपयोगी पडू शकतात. त्या रात्रीवर काम करायला मात्र नाही.

झोपेसाठी पेल्याचा आधार घेत असाल, तर तो थांबवण्याविषयीही डॉक्टरांशी बोला. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि हा विकार बळावतो.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. मालवणजवळ आमच्या घरी पर्यटकांसाठी न्याहारी-निवासाची सोय आहे. आईबाबा थकले आहेत. धंदा वाढवावा की पुण्याची नोकरी घ्यावी, हे वर्षभर ठरत नाही. झोप, भूक, काम सगळे व्यवस्थित आहे. मैत्रीण म्हणते, थेरपी घे.

उत्तर : आपल्या पत्रावरून थेरपीची गरज दिसत नाही. निर्णय लांबणे हा आजार नव्हे, आणि प्रत्येक घालमेलीला उपचाराची भाषा लावल्याने धडधाकट माणूसही स्वतःला रुग्ण समजू लागतो. कोचिंगचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. चांगला कोच आपल्याला नेमके काय हवे आहे, आज परिस्थिती काय आहे, कोणते पर्याय खुले आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत आपण काय करणार, हे प्रश्न चिकाटीने विचारतो. निर्णय मात्र आपल्यालाच घ्यायला लावतो. मुदत काही महिन्यांची आणि आधी ठरलेली असावी.

तरी त्याआधी एक करून पाहा. आपल्या प्रश्नाचा निम्मा भाग हिशेबाचा असावा: दोन खोल्या वाढवल्या तर कर्ज किती, पावसाळ्यातले रिकामे महिने धरून वर्षाची कमाई किती, नोंदणी आणि परवानग्या कोणत्या. ही माहिती चार्टर्ड अकाउंटंटकडून, बँकेकडून आणि हा व्यवसाय करणाऱ्या शेजाऱ्यांकडून मिळेल. ती हातात आल्यावरही निर्णय अडला, तर कोच शोधा. आणि हिशेब स्पष्ट असूनही आईबाबांना सोडून जाण्याच्या विचारानेच जीव घाबरा होतो, असे लक्षात आले, तर समुपदेशकाशी दोन-तीन वेळा बोलण्यात काहीच गैर नाही.

प्रश्न : मी देवरुखचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागात हल्ली कोच, समुपदेशक, थेरपिस्ट अशा पाट्या आणि ऑनलाइन जाहिराती वाढल्या आहेत. खरे कोण, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? यांना काही कायदा आहे की नाही?

उत्तर : सर, काहींना आहे, काहींना नाही, आणि सामान्य माणसाचा गोंधळ तिथेच होतो.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचे एम.फिल. हा त्यांचा आजवरचा प्रमुख मार्ग राहिला आहे. त्यांना नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात कोणताही अनादर नाही. योग्य माणूस तो आनंदाने सांगतो. समुपदेशकांची स्थिती अधिक सैल आहे. अनेक जण मानसशास्त्रात एम.ए. करून, अनुभवी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे उत्तम काम करतात. पण एखाद्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमावर पाटी लावणारेही भेटतात. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली आहे.

लाइफ कोच यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. आज कोणीही स्वतःला कोच म्हणवू शकते. त्यासाठी परवाना लागत नाही. मात्र सगळे कोच एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली खाजगी व्यावसायिक संघटना कोचना श्रेणी देते. पहिल्या श्रेणीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, तर सर्वोच्च श्रेणीसाठी २०० तासांचे प्रशिक्षण आणि २५०० तासांचा अनुभव. म्हणजे ही श्रेणी असलेला कोच आपले काम शिकलेला आहे, एवढे नक्की कळते. परंतु ते शिक्षण आजार ओळखण्याचे किंवा बरा करण्याचे नसते, आणि प्रामाणिक कोच तसा दावाही करत नाही.

या भेदाचे परिणाम प्रत्यक्षात जाणवतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद त्यातच नमूद आहेत. आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवले पाहिजे, असेही तो कायदा सांगतो. कोचशी आपले नाते मात्र फक्त आपसांतल्या कराराचे असते. त्याने गोपनीयता पाळली नाही तर त्या कायद्याखाली दाद मागता येत नाही, आणि त्याची फी उपचाराचा खर्च ठरत नाही.

म्हणून पाटीवरच्या शब्दापेक्षा उत्तरे ऐकावीत. शिक्षण कोठे आणि किती काळ घेतले? आपल्या कामावर कोणाची देखरेख आहे? कोणत्या तक्रारी आपण हाताळत नाही आणि त्या कोणाकडे पाठवता? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे त्याचे उत्तर नाही, जो 'सगळे ठीक करतो' म्हणतो, चालू असलेल्या गोळ्या बंद करायला सांगतो किंवा ठराविक दिवसांत नैराश्य जाईल अशी हमी देतो, त्याच्याकडे जाऊ नये, मग तो स्वतःला कोच म्हणवो की थेरपिस्ट.

प्रश्न : मी अलिबागमध्ये लाइफ कोच म्हणून काम करते. रीतसर प्रशिक्षण घेतले आहे. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया करिअरविषयी बोलता बोलता कधी रडू लागतात, नवऱ्याच्या मारहाणीचे सांगतात, आणि एकीने मागच्या महिन्यात 'मी नसले तर बरे' असेही म्हटले. मी ऐकून घेते, धीर देते. त्यांना दुसरीकडे पाठवले तर त्यांना नाकारल्यासारखे वाटेल, असे वाटते. मी कुठवर थांबावे?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्या व्यवसायातल्या अधिक लोकांनी तो विचारायला हवा.

रडणे हे थांबण्याचे कारण नव्हे. स्वतःच्या आयुष्याविषयी मोकळेपणाने बोलताना डोळ्यांत पाणी येणारच. त्या वेळी शांत बसून ऐकणे हे कोणत्याही सुजाण माणसाचे काम आहे. लक्ष द्यायचे ते पुढच्या काही आठवड्यांवर. तीच व्यक्ती लागोपाठ ठरवलेले काम करू शकत नाही, झोप-भूक बिघडल्याचे सांगते, प्रत्येक बैठक त्याच एका जखमेकडे वळते, व्यसन वाढते, भास किंवा टोकाचा संशय जाणवतो, असे दिसले की ध्येय बदलून पाहू नका. तिथे आपले काम संपते आणि तपासणीचे सुरू होते. मारहाणीच्या बाबतीत तर 'नाते सुधारण्याचे ध्येय' कधीही ठरवू नये. तिथे पहिला प्रश्न तिच्या सुरक्षिततेचा असतो, आणि त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, ही माहिती आपल्याजवळ तयार असावी.

'मी नसले तर बरे' असे म्हणणाऱ्या ताईंना आज फोन करा. विषयाला वळसा न घालता विचारा की, मरणाचा विचार आहे का, कसे करायचे असे काही ठरवले आहे का, घरात सोबत कोण आहे. ठरवलेले असेल किंवा उत्तर टाळले जात असेल, तर घरातल्या विश्वासू माणसाला कळवणे आणि रुग्णालयापर्यंत पोहोचवणे हे गोपनीयतेपेक्षा वरचे आहे. आपण तिच्याशी बोलत असताना दुसऱ्या फोनवरून १४४१६ लावून घेता येईल. धोका तातडीचा असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा.

नाकारल्यासारखे वाटेल, ही आपली शंका खरी आहे आणि ती बोलण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. "हे माझ्या कामात बसत नाही" म्हटले तर वाटेलच. त्याऐवजी सांगा: "आपण जे सोसत आहात त्यावर उपचार आहेत आणि ते मला येत नाहीत; ते ज्यांना येतात त्यांचा नंबर मी देते, पहिली वेळ मी इथेच बसून ठरवून देते, आणि पुढच्या आठवड्यात आपण जाऊन आलात का, ते मी विचारीन." मग खरोखरच विचारा. चिठ्ठीवर नाव लिहून दिलेली माणसे पुष्कळदा पोहोचत नाहीत. वेळ ठरवून दिलेली आणि नंतर विचारलेली अधिक पोहोचतात. त्यासाठी रायगड जिल्ह्यातले दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना आपण स्वतः आधी भेटून ठेवा, त्यांची फी, वेळ आणि भाषा माहीत करून घ्या, आणि ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे दिवस विचारून ठेवा.

उपचार चालू असताना आपले कोचिंग सुरू ठेवायचे का, हे त्या ताईंनी आणि त्यांच्या थेरपिस्टने मिळून ठरवावे. पुष्कळदा काही काळ थांबवून पुन्हा सुरू करणे बरे पडते. दोन्ही एकत्र चालणार असतील, तर ताईंच्या लेखी संमतीने थेरपिस्टशी एकदा बोलून घ्या आणि कोणता विषय कोणाकडे, ते नक्की करा. नाहीतर एक जण 'आराम करा' सांगतो आणि दुसरा 'जोर लावा', आणि मधल्या मध्ये त्या बाईची ओढाताण होते. यापुढे पहिल्याच बैठकीत जो करार आपण करून घेता, त्यात दोन वाक्ये साध्या मराठीत घाला: हे कोचिंग आहे, मानसिक आजारावरील उपचार नव्हे, आणि जिवाला धोका वाटल्यास मी आपण दिलेल्या या क्रमांकावरील नातेवाइकाला कळवीन. तो क्रमांक त्याच वेळी लिहून घ्या.